वैशाखातलं घोंगडं

आमच्या आबाला बाहेरख्याली ठरवायला घरच्यांना फार पुरावा लागला नाही. वैशाख लागायचा, ऊन असं तापायचं की माणसं खांद्यावरचा पंचासुद्धा काढून ठेवायची, आणि नेमका तेव्हा आबा कोरं करकरीत घोंगडं काखेत मारून पोखर्णीला निघायचा. नृसिंहाला चाललो, म्हणायचा. घोंगडं तिकडंच राहायचं, आबा रिकाम्या हातानं परत. वैशाखात घोंगडं लागतं कुणाला? देवाला तर नाहीच. आजीनं डोकं चालवलं आणि निकाल दिला, की पोखर्णीला एक बाई आहे आणि तिला बारमाही हिवताप आहे.

पुढं कधीतरी खबर आली की आबा पोखर्णीहून चारठाण्यालाही जातो आणि तिथंही एक घोंगडं देतो. तेव्हा आजीनं नाद सोडला. एकीशी भांडता येतं. दोघींशी, तेही एवढ्या लांबून, कोण भांडत बसणार?

आमचं घर मेंढरांचं. लोकर घरची, सूत घरचं, घोंगड्याला काही तोटा नव्हता. पण आबा स्वतः घोंगडं कधी पांघरायचा नाही. पुसाच्या थंडीत कुत्री चुलीत शिरायची आणि हा बाबा धोतराच्या घडीत मुटकुळं करून झोपायचा. लोक म्हणायचे, अंगात पल्टणीची गरमी हाय. कारण आबा तरुणपणी इंग्रजाच्या पल्टणीत होता, दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशात. बंदूक मारली असेल तर देव जाणे. त्याचं काम खेचरं हाकायचं. मेंढरं हाकणाऱ्याला सरकारनं जरा उंच जनावर दिलं, एवढाच फरक.

आणि तो लढाई संपायच्या आधीच घरी आला. बिल्ला नाही, पेन्शन नाही, अंगावर मांस नाही. गावाला तेवढं पुरलं. आमच्या गावात माणसाला नाव ठेवायला बारसं लागत नाही. आबाचं नाव पडलं पळपुटा.

आबा हे नाव घेऊन मेला आणि जाताना ते माझ्या आत्याला देऊन गेला. आत्या त्याची थोरली लेक. तिला गावातल्या गावातच दिलेली, त्यामुळं सुटका नाही. नळावर भांडण झालं की समोरची बाई घागर खाली ठेवायची, पदर खोचायची आणि म्हणायची, 'जा गं, पळपुट्याची लेक.' एरवी आत्या कुणाला ऐकून घेणारी नाही. तिच्या तोंडाला लागून एक तलाठी बदली मागून गेला, असं सांगतात. पण ह्या एका शब्दाला तिच्याकडं उत्तर नव्हतं. बाप पळाला की नाही पळाला, तिलाच मालूम नव्हतं. बापानं कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही.

आता ती ऐंशीच्या पुढं गेलीय. परवाच्या दिवाळीत सरपंचानं जाहीर केलं, की शाळेसमोर काळा दगड बसवायचा, त्यावर गावातून पल्टणीत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरायची आणि झेंड्याच्या दिवशी उघडायचा. यादीत आबाचं नाव नव्हतं. आत्या विचारायला गेली तर सरपंच लाडानं म्हणाला, 'आजी, दगड शूरवीरांचा हाय.' दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं सेलूला माझ्या दुकानात.

माझं सेलूत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. जिनिंगवाले, शेतकरी, निराधार बायका, सगळे माझ्याच काउंटरवर. आत्यानं रांगेतल्या चार माणसांना कोपरानं बाजूला केलं.

'तू समद्या तालुक्याचे कागद काढतीस. माझ्या बापाचा एक कागद काढ.'

'कशाचा?'

'त्यो पळाला न्हाई म्हणून.'

असला दाखला कुठंच मिळत नाही. रहिवासी मिळतो, जातीचा मिळतो, नशीब असेल तर माणूस जिवंत असल्याचाही मिळतो. मी हे तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, 'मग काय उपेग तुझ्या मशिनीचा?' रांगेतल्या माणसांनाही ते पटलेलं दिसलं.

तरी मी अर्ज केले. एका कचेरीनं कळवलं, तुमचा जिल्हा तेव्हा निजामाकडं होता, तिकडं विचारा. तिकडच्यांनी कळवलं, माणूस इंग्रजांचा, आमचा नव्हे. तिसऱ्यांना आबाचा पल्टणीतला नंबर पाहिजे होता. नंबर माहीत असता तर तुमच्या पाया कशाला पडले असते, हे मी अर्जात लिहिलं आणि मग खोडलं. रागारागानं त्या लढाईबद्दल मिळेल ते वाचत बसले. वाचून एवढं कळलं, की जपानी आले तेव्हा ब्रह्मदेशातून अख्खी फौजच मागं फिरली होती. डोंगर, जंगल, ताप, वरून पाऊस. मी खूश होऊन गावी गेले.

'आत्या, तिथनं साहेबासकट समदेच पळायलते. इंग्रज सरकारच पळालं.'

'सरकार पळालं ते मला सांगू नको,' आत्या म्हणाली. 'माझा बाप पळाला का?'

मी मोबाइल काढून परत वाचायला लागले. तीच थोड्या वेळानं म्हणाली, 'कागद बोलंना तर ती बाई बोलंल. पोखर्णीची.'

'ती कशी जिती असंल आता?'

'तिची लेकरं असतील की. म्हंजे माझे भाऊच.' वाटणी मागायला नको आले म्हणजे झालं, असंही तिनं वर जोडलं.

पोखर्णीला जायच्या आधी आमच्या बांधावरच्या देवांचं सांगायला पाहिजे. आबानं पल्टणीतून आल्यावर शेताच्या बांधावर, लिंबाखाली, तीन दगड रोवले होते. कुणाला काही बोलला नाही. आता, आमच्याकडं उभा दगड दिसला की बाईमाणूस आधी शेंदूर शोधतं, कारण मागनं विचारतं. आजीनं शेंदूर लावला आणि दगडांचे देव झाले. तिघं देव. दिवाळी सरली की त्यांना बोकड पडायचं. आबा आडवा आला नाही. एवढंच, की डाव्या अंगाच्या दगडाला तो वशाट ठेवू द्यायचा नाही. त्याच्यापुढं स्वतःच्या हातानं वरण-भाकर ठेवायचा. आबा गेल्यावर आमच्या शहाण्या लोकांनी विचार केला, की देवादेवांत दुजाभाव बरा न्हाई. तेव्हापासून डाव्यालाही रस्सा सुरू झाला. देव पावत राहिले. नापास पोरं पास झाली, शेळ्यांना जुळी झाली. सरपंचानं स्वतः निवडणुकीला नवस बोलला होता आणि तो फेडतानाचं मटण सगळ्या गावानं खाल्लंय.

मी परभणीपर्यंत रेल्वेनं गेले आणि पुढं जीपनं पोखर्णी. बाईचा पत्ता कसा विचारायचा ह्याची मी रस्ताभर तयारी केली होती. आजोबांची ठेवलेली बाई कुठं राहते, असं काही देवळाच्या दारात विचारता येत नाही. शेवटी हारवाल्याला म्हणाले, 'दर वैशाखात घोंगडं घेऊन एक म्हातारे यायचे...' माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही त्यानं. 'घोंगडंवाले आबा व्हय? ते पाराच्या मागलं घर.'

दार उघडलं ते सत्तरीच्या बाईंनी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. मी वळून पाराकडं परत एकदा पाहिलं, कारण ठेवलेल्या बाईचं घर असं दिसत नाही. मी आबाची नात म्हटल्यावर बाईंनी माझ्या पायावर पाणी घातलं, बसायला घोंगडं टाकलं आणि म्हणाल्या, 'हे त्यांचंच. आमच्या घरातली समदी लेकरं त्यांच्या घोंगड्यावर वाढली.'

बाई म्हणजे त्या घरची सून. सासऱ्याचा थोरला भाऊ आबाबरोबर पल्टणीत गेला होता. ह्या भागातले चौघं होते एका तुकडीत: आबा, हा पोखर्णीचा, एक चारठाण्याचा आणि एक सेलूचा मुसलमान, ज्याचं बिऱ्हाड मागंच हैदराबादला उठून गेलं. चौघांतला एकटा आबा परत आला. आल्यावर, अजून अंगात ताप असताना, पोखर्णीला ह्या दारात येऊन उभा राहिला.

'आमच्या आजेसासूच्या पाया पडले,' बाई सांगत होत्या. 'म्हणले, आई, तुमचा लेक माझ्या मांडीवर गेला. तोंडात पाणी मी घातलं. माझ्या मायनं दिलेलं घरचं घोंगडं त्याच्या अंगावर घालून आलो. मग दर साली त्याच महिन्यात यायचे. म्हातारी म्हणायची, माझं लेकरू उघड्यावर न्हाई राह्यलं. मरंस्तोवर हेच म्हणायची.'

माझ्या डोळ्याला पाणी आलं. मी ते पुसेपर्यंत बाईंनी विचारलं, 'तुमच्या बांधावर तिघांचे तीन दगड हायत म्हणं. डावा आमचा. आबा सांगायचे, त्याला मी जपून वाढतो. आमच्या घरात चार पिढ्या माळ हाय. अजून निवद दाखवता का?'

'दाखवतो की.'

'कशाचा?'

'पुरणाचा,' मी म्हणाले.

खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही, धंदाच तसा आहे. पण इतक्या पटकन ते कधी आलं नव्हतं. चार पिढ्यांच्या माळकऱ्याला आम्ही आबा गेल्यापासून दरसाल बोकड चारत होतो, तेही तिखटजाळ. सेलूच्या मुसलमानाची मात्र सोय परस्पर झाली होती, कारण बोकड कापायला आमच्या गावचा मुलाणीच असतो.

जीपमध्ये बसल्याबसल्या मी आत्याला फोन लावला. मांडी, पाणी, घोंगडं, बांधावरचे तीन दगड, सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, 'परत सांग.' मी परत सांगितलं. मी सेलूला पोचायच्या आत तिनं ते नळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. बाई नव्हती, हेही ऐकवलं. फक्त ते सांगताना तिला जरा वाईट वाटल्यासारखं झालं, असं चुलतभाऊ म्हणाला. भावांची तिनं मनात सोय लावून ठेवली असावी.

सरपंचाची पंचाईत झाली. 'एका घराचं ऐकून नाव कसं कोरावं? उद्या कुणीबी यील. चारठाण्याच्या घरचंबी सांगणं आणा, मंग बघू.' आत्या म्हणाली, 'चारठाण्याचंबी आणतो. कोरणाऱ्याला थांबवून ठेव.'

मी गेले चारठाण्याला. जुन्या देवळांच्या मागं घर सापडलं, तिथंही घोंगडंवाले आबा म्हणताच. गेलेल्या माणसाचा पुतण्या, आता तोही म्हातारा, अंगणात बाजेवर बसून हरभरा सोलत होता. त्यानं मूठभर माझ्या हातात दिला आणि सांगायला लागला.

'आमच्या आजीला म्हणले, आई, तुमचा लेक माझ्या मांडीवर गेला. तोंडात पाणी मी घातलं. माझ्या मायनं दिलेलं घरचं घोंगडं त्याच्या अंगावर घालून आलो.'

मी हरभरा खायची थांबले. शब्दान् शब्द तेच.

'दोघं एकाच जागी गेले का? पोखर्णीचा अन् तुमचा?'

'न्हाई न्हाई. आमचा आधी गेला, पोखर्णीचा मागनं, लय पुढं, दुसऱ्या डोंगरात. आबाच सांगायचे.'

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण मी बाहेर काही पाहिलं नाही. खरं तर काम फत्ते झालं होतं. दोन साक्षीदार, दोघांचं सांगणं एकसारखं. सरपंचाला आणखी काय पाहिजे? तेवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. आत्याला ऐंशीच्या पुढं एकदाचं नळावर ताठ मानेनं जाता आलं असतं. सेलूपर्यंत मी हे पक्कं केलं आणि तिथून गावची गाडी धरली.

आत्या उंबऱ्यात बसून वाट बघत होती.

'काय म्हणले?'

'तेच म्हणले.'

'तेच म्हंजे? शब्द सांग.'

शब्द गोलमोल करून सांगायचा बेत होता, पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि त्या नजरेपुढं तलाठी टिकला नव्हता. मी सांगून टाकलं. मांडी, पाणी, घोंगडं. आधी चारठाण्याचा, मागनं पोखर्णीचा, दुसऱ्या डोंगरात.

आत्या हातातल्या काडीनं जमीन उकरत राहिली.

'मांडी दोघांना पुरंल,' ती म्हणाली. 'पाणी पुरंल. घोंगडं?'

मी तिच्या शेजारी उंबऱ्यात टेकले.

'मायनं दिलेलं एकच होतं त्याच्याजवळ. एकावर घातलं तर दुसऱ्यावर कुठनं आणलं?' ती थांबली. 'का कुणावरच न्हाई घातलं?'

'असं कसं म्हणतीस आत्या. एकावर घातलं असंल की.'

'मंग जलमभर पांघरलं का न्हाई त्यानं? आमी लहान होतो. माय रातचं उठून त्याच्या अंगावर घालायची, त्यो झोपंतनं लाथेनं उडवायचा. आमी हसायचो.' तिनं काडी टाकून दिली. 'त्येला सोडलं, ह्येला सोडलं, अन् आपलं घोंगडं घेऊन आला. पळालाच म्हणायचा.'

मी तिला म्हणाले, की ताप असेल, पाऊस असेल, मागं जपानी असतील, थांबला असता तर तोही गेला असता. वकिली मला बरी जमते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

'मला ठाव हाय ते,' ती म्हणाली. 'त्यो थांबला असता तर मी कुठनं येणार होते?' आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. आत्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि काय करायचं ते न सुचून मी आत जाऊन चहा टाकला. मलाही रडू येत होतं. आबाचा राग येत होता, आणि गावाचा जास्त. उकळता उकळता चहाचा काढा झाला, तरी आम्ही दोघी तो प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सरपंच स्वतः आला. त्याला कुठून तरी कळलं होतं, की चारठाण्याचंही जुळलं. कोरणारा अजून गावात होता, नाव घालून घेऊ म्हणाला.

'नको,' आत्या म्हणाली.

'का बरं आजी?'

'पळाला होता माझा बाप.'

सरपंचानं माझ्याकडं पाहिलं. मी चपला शोधायला लागले.

'पळाला, अन् मेलेल्यांच्या मायांना तोंड दावायला जलमभर जात राह्यला. तुझ्या दगडावर असल्याला जागा न्हाई. कोराय‍चंच असंल तर त्या तिघांची नावं कोर.'

'ते आपल्या गावचे न्हाईत, आजी.'

'त्येंना नवस बोलताना विचारलं व्हतं का गाव?'

सरपंच चहा न पिता गेला. दगड झेंड्याच्या दिवशी उघडला; छान आहे, त्यावर कबुतरं बसतात. नळावर आता तो शब्द कुणी काढत नाही. आत्या आधीच सांगते, व्हय, पळपुट्याची लेक, बोल पुढं, आणि पुढं बोलायला कुणाकडं काही नसतं.

वैशाखात तिनं तीन घोंगडी विणून घेतली. मी म्हटलं, तिसऱ्याचं, त्या सेलूवाल्याचं, घर कुठं सापडलंय. 'सापडंल तवा सापडंल,' म्हणाली आणि ते पेटीत ठेवून दिलं. उरलेली दोन मांडीवर घेऊन ती माझ्यासोबत जीपमध्ये बसली. ऊन असं होतं की ड्रायव्हरसुद्धा विचारायला लागला, म्हातारीला हिव भरलं का. तिनं त्याला दोन शब्द सुनावले आणि मग परभणी ते पोखर्णी घोंगड्यांचे सुटे धागे खुडत बसली. मला मात्र दरदरून घाम फुटला होता, आणि तो उन्हाचा नव्हता. आत्या आयुष्यात कुणाला खरं सांगायला भ्यायलेली नाही, आणि त्या घरात ती खरं सांगणार, ह्याची मला खात्री होती.

माळकरी बाईंनी तिच्याही पायावर पाणी घातलं. घोंगडं घेतलं, कपाळाला लावलं. मग आत्याच्या समोर बसून म्हणाल्या, 'तुमी तर लेक. तुमाला तर सांगितलं असंल आबांनी. आमच्या माणसाचं शेवटी कसं झालं?'

आत्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

'मांडीवर गेला माझ्या बापाच्या,' ती म्हणाली. 'पाणी पिऊन गेला. घोंगडं नीट खोचून, पायापर्यंत घालून आला माझा बाप. मला घडीघडी सांगायचा.'

तिला त्यानं कधी काही सांगितलं नव्हतं.